मुद्दाम केलंय ते

कोरेगावात माणूस निवृत्त झाला की त्याच्यापुढे दोन-तीन ठरलेले मार्ग असतात. पहाटे जरंडेश्वराचा डोंगर चढायचा आणि उरलेला दिवस आपण तो चढल्याचं सांगत हिंडायचं. एखाद्या पतसंस्थेच्या संचालक मंडळावर जायचं. नाहीतर रानात आलं लावायचं आणि भाव पडला की आझाद चौकात उभं राहून सरकारचा उद्धार करायचा. आमच्या साहेबांनी यातलं काहीच केलं नाही. सहकारी बँकेत वसुली अधिकारी म्हणून ज्यांची हयात थकबाकीदारांच्या अंगणात गेली, त्या या माणसाने निवृत्तीचा नारळ हातात पडल्यावर थेट बंदिशी बांधायला घेतल्या. वसुलीच्या काळात साहेब दिसले की लोक मागच्या दाराने निघून जायचे. मधे काही दिवस ते पुढच्या दाराने ये-जा करू लागले होते. आता पुन्हा मागचं दार.

तसं पाहिलं तर बंदिश म्हणजे निरुपद्रवी गोष्ट. स्थायीच्या दोन ओळी, अंतऱ्याच्या दोन ओळी. आमच्या शेजारच्या रहिमतपुरात जन्मलेल्या वसंत कानेटकरांनी 'मत्स्यगंधा'सारखं अख्खं संगीत नाटक लिहिलं, तेही लोकांनी आनंदाने सोसलं; तिथे चार ओळींनी कोणाचं काय बिघडणार? बिघडतं ते चार ओळींच्या आधी आणि नंतर. आधी पाऊण तास प्रस्तावना असते. ही सुचली कशी, कुठे सुचली, तेव्हा अंगात ताप किती होता. आणि नंतर साहेब पेटीचा भाता बंद करून, चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "आता अगदी मोकळेपणाने सांगा. मला खोटी स्तुती नको."

कर्जदाराला "तुमच्या सोयीने भरा" म्हणताना त्यांचा आवाज असाच लागत असणार.

हे सगळं घडतं ते बाजारपेठेत, शेठच्या गोदामावरच्या खोलीत, दर गुरुवारी रात्री. शेठ आल्याचे व्यापारी. खाली पोती, वर संगीत. जिन्यातून आल्याचा वास सतत वर येत असल्यामुळे आमच्या मंडळात कधीच कोणाचा घसा बसत नाही. हा मंडळाचा मोठा फायदा आहे आणि तोटाही हाच आहे. पेटीला गुरुजी असतात. गावातली निम्मी पोरं त्यांच्याकडे गांधर्वच्या परीक्षांना बसतात. तबल्याला एसटीतले मेकॅनिक. एक सांगली आकाशवाणीचे श्रेणीप्राप्त कलाकारही अधूनमधून येतात. त्यांची श्रेणी 'बी हाय' आहे आणि लोक ती रक्तगटासारखी त्यांच्या नावापुढे लावतात. माझ्याबद्दल म्हणाल, तर मला सुरातलं कळतं असा आरोप अजून कोणी केलेला नाही. माझ्या घरी वीस माणसं बसतील अशी लग्नातली सतरंजी आहे, त्या योग्यतेवर मी आत आहे.

साहेबांची पहिली बंदिश भीमपलासीतली. रात्री नऊ वाजता भीमपलास ऐकून शेठनी भुवया उंचावल्या, कारण हा राग दिवसाच्या तिसऱ्या प्रहराचा. साहेब तयारच होते. "दुपारी बारा ते तीन मी तीस वर्षं वसुलीला होतो. माझा तिसरा प्रहर बँकेने घेतलाय, तो आता मिळेल तेव्हा गाणार." यावर कोण काय बोलणार? मग तीनतालात स्थायी झाली. झाली एकदाची. अंतरा सुरू झाला आणि गुरुजींची पेटीवरची बोटं थबकली.

आता इथे जरा बारकाईने पाहायला हवं. भीमपलासात वर चढताना रिषभ आणि धैवत घ्यायचे नाहीत, उतरताना घ्यायचे. नि सा ग म प नि सां, असा चढ. साहेबांनी अंतऱ्याला ग म ध नि सां अशी उडी मारली आणि वरच्या षड्जावर डोळे मिटून बसून राहिले. ही वाट बागेश्रीची. दोन्ही रागांत गंधार-निषाद कोमलच, त्यामुळे साहेबांना आपण कुठे आलो याचा पत्ता नव्हता. गुरुजी नंतर जिन्यात मला हळूच म्हणाले, "कोरेगावचं तिकीट काढून रहिमतपूरला उतरले, आणि तिथे फलाटावर हार घालून घेतायत."

पण हे जिन्यात. खोलीत, "मोकळेपणाने सांगा" झाल्यावर गुरुजी काय म्हणाले? गुरुजी म्हणाले, "हं."

गुरुजींचा हा "हं" फार मोठ्या पोटाचा आहे. विद्यार्थ्याला ते असे बोलत नाहीत. प्रवेशिकेच्या पोराने आरोहात धैवत लावला तर त्याच्या आईला बोलावून घेतात. पण आपल्या गाण्यात चूक दाखवायचा हक्क परंपरेने एकाच माणसाला दिलेला आहे, तो म्हणजे गुरू; आणि तो दाखवताना शिव्या, चापट्या, सहा महिने एकच पलटा घासायला लावणं, सगळं त्याला माफ. बाकीच्यांनी दाद द्यायची. साहेबांना गुरू नव्हताच. साठीनंतर गंडा कोण बांधणार? म्हणजे चापटी मारणारा कोणी नाही आणि अभिप्राय विचारायचा तो आमच्यासारख्यांना, ज्यांना पुढच्या गुरुवारी त्याच सतरंजीवर शेजारी बसून चहा प्यायचा आहे. अशा ठिकाणी मोकळेपणाने बोलणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर त्याची बदली झालेली असते.

म्हणून आमच्याकडे बंदिशीबद्दल अभिप्राय म्हणजे बंदिश सोडून बाकी सगळ्याबद्दल अभिप्राय. तबलजी म्हणाले, "आज लय मस्त ठेवली होती साहेबांनी." लय तबलजींनीच ठेवली होती. साहेबांच्या मागे धावताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि दोनदा त्यांनी समेची वाट न पाहता गवई येईल तिथे सम मानून टाकली होती. बी हाय म्हणाले, "विषय वेगळा घेतलात." विषय नणंदेचा होता. तो गेली तीनशे वर्षं वेगळा नाही. आणखी एकाने "तंबोरा काय सुरेख लागला होता!" असं म्हणून मान हलवली. तो तंबोरा म्हणजे गुरुजींच्या एका विद्यार्थिनीच्या मोबाईलमधलं ॲप. मला विचारलं तेव्हा मी "मेहनत दिसते" म्हणालो. हे वाक्य कुठेही चालतं. मी ते एकदा बाराव्याच्या जेवणातही वापरलेलं आहे.

खरं बोलायचा धोका फक्त शेठ पत्करतात, तोही आपल्या पद्धतीने. शेठ औंधच्या संगीत महोत्सवाला दरवर्षी जातात. औंध खटाव तालुक्यात, पण आम्ही ते आमचंच धरतो. औंध संस्थानच्या दरबारी अंतुबुवा जोशी गायक होते. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा, गाण्यातही आणि व्हायोलिनमध्येही तितकेच मोठे. तिथे आश्विन वद्य पंचमीला रात्र रात्र गाणं चालतं. त्यामुळे शेठचा कान तयार आहे, पण तोंड व्यापाऱ्याचं. आल्याच्या धंद्यात आमच्याकडे जुनं आलं आणि नवं आलं हा मोठा वादाचा विषय. पाचशे किलोच्या गाडीत दोन्ही मिसळून घ्यायचं की प्रतवारी करून नव्याला भाव कमी द्यायचा, यावर शेतकरी आणि व्यापारी बाजार समितीत हमरीतुमरीवर आलेले मी पाहिले आहेत. शेठ संगीतातही प्रतवारीवाले. साहेबांचं गाऊन झालं की ते सुपारी कातरत विचारतात, "जुना माल का नवा?"

"नवा. माझीच."

"हां." मग दोन खांडं तोंडात टाकून, "नव्याला पाणी जास्त असतं."

साहेब यावर चिडत नाहीत. टीका घ्यायची त्यांची एक रीत आहे आणि ती मी फार जवळून पाहिली आहे. पहिल्यांदा ते वहीत काहीतरी लिहून घेतात. समोरच्याला वाटतं, नोंद झाली. (वहीत ते टीका करणाऱ्याचं नाव लिहितात; ही बँकेतली सवय.) मग मान हलवतात. मग हसतात. आणि मग ते वाक्य येतं ज्याच्यापुढे गेली काही वर्षं आम्ही सगळे हरत आलो आहोत: "मुद्दाम केलंय ते."

मुखडा साडेनवव्या मात्रेवरून उठतो, त्यामुळे सम कुठे हे गवई सोडून कोणालाच कळत नाही? मुद्दाम केलंय. अंतऱ्यात शब्दांच्या आधी ताल संपतो? मुद्दाम. धैवत? "विवादी स्वराचा प्रयोग आहे तो. शास्त्रात मान्य आहे." आता शास्त्रात तो मान्य आहे हे खरंच आहे. रागात नसलेला स्वर जाणकाराने क्वचित, अंगाला लागेल न लागेल असा घेतला तर रागाची शोभा वाढते, असं पंडित सांगतात. ही सवलत देताना आपण पुढच्या काळातल्या हौशी रचनाकारांच्या हाती केवढं कुलमुखत्यारपत्र देतोय, याची पंडितांना कल्पना नसावी. विवादी स्वराला वादीपेक्षा जास्त काम मिळालेला राग साहेबांच्या वहीत पाहायला मिळतो.

या बाबतीत साहेब एकटे नाहीत, आणि आमचा जिल्हा तर मुळीच नवखा नाही. साताऱ्याला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी क्लेमेंट्स नावाचे इंग्रज जिल्हा न्यायाधीश होते. यांना आपल्या श्रुतींचं वेड लागलं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, हे डेप्युटी कलेक्टर, यांनाही तेच वेड. सरकारी नोकरीतून संगीतात उतरण्याची आमच्याकडची प्रथा इतकी जुनी आहे. दोघांनी मिळून साताऱ्यात 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' काढली, बावीस श्रुतींचं गणित मांडलं आणि त्या श्रुती वाजवणारी खास पेटी इंग्लंडात बनवून आणली. १९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे ही पेटी मांडली गेली. समोर भातखंडे, आणि उदयपूरचे धृपदिये झाकिरुद्दीन खाँ यांच्यासारखे गवई. गवयांनी गळ्यातला स्वर आणि पेटीतला स्वर शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि जुळत नाही म्हणून सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे निकाल लावलेल्या न्यायाधीशाने एकदा दाद मागितली, तर निकाल विरुद्ध गेला. क्लेमेंट्स साहेबांनी म्हणून काही आपला पक्ष सोडला नाही; ते पुढेही लिहीत राहिले. त्यांच्या लिखाणात "मुद्दाम केलंय ते" याला इंग्रजीत काय शब्द आहे, ते एकदा पाहायला हवं.

भातखंड्यांची तऱ्हा त्याहून हुशारीची. त्यांनी १९१० मध्ये 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ काढला, पण लेखक म्हणून नाव दिलं चतुरपंडित. मग मराठीत 'हिंदुस्थानी संगीत पद्धति'चे चार भाग लिहिले. हे भाग म्हणजे गुरुशिष्यांचा संवाद, आणि त्यातले गुरुजी ठिकठिकाणी चतुरपंडिताच्या मताचा आदराने हवाला देतात. म्हणजे ग्रंथही आपला, त्यावर भाष्यही आपलं, शंका विचारणारा शिष्यही आपणच निर्माण केलेला, आणि त्याचं समाधानही हमखास होणारं. अभिप्रायाची इतकी चोख व्यवस्था जगात दुसऱ्या कोणी केली असेल असं मला वाटत नाही. साहेबांना मी ही गोष्ट सांगितली आणि सांगून झाल्यावर त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून विषय बदलला.

टीका करणाऱ्यांनाही टोपणनावाची गरज पडतेच. केशवराव भोळे स्वतः उत्तम संगीतकार, पण गवयांबद्दल लिहायचे ते 'एकलव्य' या नावाने, कधी 'शुद्ध सारंग' या नावाने. मैफिलीत गवयाच्या समोर बसायचं असेल तर हे शहाणपणाचंच. आकाशवाणीने उघडपणे परीक्षा घेऊन पाहिली. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि गवयांच्या चाचण्या, श्रेणी असा कारभार सुरू झाला. परीक्षक म्हणून श्रीकृष्ण रातंजनकरांसारखा जबर विद्वान, स्वतः 'सुजान' या नावाने बंदिशी बांधणारा. तरीही नामवंत गवई असे बिथरले की नभोवाणीवर बहिष्कार घालायची वेळ आली. मोठमोठ्यांना जे सोसलं नाही ते आमच्या साहेबांनी गोदामावरच्या खोलीत सोसावं ही अपेक्षाच चुकीची.

टोपणनावावरून आठवलं. बंदिशीत रचनाकाराची मुद्रा असते. नियामत खाँ 'सदारंग', फैयाज खाँ 'प्रेमपिया', जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणीदास', रामाश्रय झा 'रामरंग'. साहेब या कामाला लागले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की रंग आणि पिया हे दोन्ही व्यवसाय आता भरून गेले आहेत. मंडळात विषय निघाला. तबलजींनी 'घेवडारंग' सुचवलं. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा गावाचं नाव होईल, असा त्यांचा मुद्दा. शेठनी 'आलेपिया' सुचवलं आणि स्वतःच बराच वेळ हसले. साहेबांनी शेवटी तालुक्यातल्या वसना नदीवरून 'वसनारंग' ठरवलं. सुंदर नाव. गणपतीतल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत छापखान्याने एक काना जास्त दिला आणि 'स्वरचित बंदिशी : वासनारंग' अशी पत्रिका घरोघर गेली. त्या वर्षी कार्यक्रमाला न भूतो गर्दी झाली. दहा मिनिटांत ती ओसरली, पण झाली होती.

त्या गर्दीत साहेबांची थोरली बहीण होती, कराडहून आलेली. आक्का पहिल्या रांगेत, पाय पसरून. साहेबांनी तीच भीमपलासीतली गायली. आता बंदिशीची भाषा ब्रज, आणि बोलणारी नेहमी कुठली तरी विवाहिता. तिला पाण्याला जायचं असतं, सासू डोळे वटारून असते, नणंद चहाडखोर असते. साठीतला मिशीवाला वसुली अधिकारी पेटी पुढ्यात घेऊन आपल्या नणंदेची तक्रार सांगतो, यात आम्हां कोणाला काही वावगं वाटत नाही, कारण कानाला सवय. आक्कांना सवय नव्हती. त्यांनी सरळ हिशेब केला. गाणारी भावजय, तर नणंद कोण? मध्यंतरात त्यांनी साहेबांना विंगेत गाठलं.

"मी तुझ्या बायकोची चहाडी कधी केली रे?"

"आक्का, ती नणंद तू नाहीस. ती परंपरेतली आहे."

"माझ्याशिवाय दुसरी नणंद आहे का तिला? का आहे?"

"अगं, ती गोकुळातली…"

"गोकुळात काय का असंना. लोकं सगळी माझ्याकडं बघत होती. आणि हिनंच लिहून दिलंय हे तुला, मला कळतंय सगळं."

वहिनी तिथेच बटाटेवड्यांच्या ताटापाशी उभ्या होत्या. त्यांना ब्रज येत नाही आणि बंदिशीतला एक शब्द त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. तरी दिवाळीपर्यंत दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. साहेबांच्या संपूर्ण कारकिर्दीत शब्दांकडे बारकाईने लक्ष देऊन केलेली समीक्षा ती एवढीच, आणि तीच एक त्यांनी मानली. पुढच्या बंदिशीत नणंद नाही. सासू आहे, पण ती वारलेली आहे. म्हणजे साहेबांची आई. तिच्या बाजूने भांडायला कोणी येणार नाही अशी खात्री करून घेतली होती.

तज्ज्ञाचं मत घ्यावं म्हणून साहेबांनी एकदा मिरजही गाठली. निमित्त तंबोऱ्याच्या जवारीचं. घरात वडिलोपार्जित मिरजेचा तंबोरा होता, त्याचा नाद बसला होता. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं २०२४ मध्ये, म्हणजे आमच्या घेवड्याच्या मागाहून. हे साहेब गाडीत सगळ्यांना सांगत होते. मीही बरोबर होतो, कारण तंबोऱ्याला गुंडाळायला सतरंजी लागली. कारागिराने घोडी कानसेने घासायची, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, तार छेडून कान लावायचा, पुन्हा घासायचं, असं अर्धा तास चाललं होतं. साहेबांनी तेवढ्यात "आवाज कसा मिसळतो बघू" म्हणून आपली बंदिश सुरू केली. स्थायी, अंतरा, धैवत, सगळी. कारागीर मान खाली घालून घासत होते. झाल्यावर साहेबांनी विचारलं, "मोकळेपणाने सांगा."

कारागिरांनी तार एकदा छेडली, डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "साहेब, पट्टी एकानं खाली घ्या. तंबोऱ्याला ताण पडतोय."

परतीच्या गाडीत साहेब बराच वेळ गप्प होते. ताकारी गेल्यावर म्हणाले, "रचनेबद्दल काही बोलले नाहीत, म्हणजे आवडली असणार."

नव्या कामाला मोकळ्या मनाने सुचवणारं कोणी भेटलं तर काय होतं, तेही आपल्याकडे घडलेलं आहे. जगन्नाथबुवांनी एक नवा राग बांधला. त्याला 'जोगकंस' हे नाव मिरजेत जन्मलेल्या बी. आर. देवधरांनी सुचवलं असं सांगतात, आणि बुवांनी ते घेतलं. आज तो राग त्याच नावाने सगळीकडे गायला जातो. एका शब्दाची सूचना. ना "हं", ना तंबोऱ्याची स्तुती. मी हे उदाहरण मंडळात दिलं तेव्हा साहेब म्हणाले, "बरोबर आहे, पण देवधर होते ते." खोलीत आम्ही नऊजण बसलो होतो. प्रत्येकाने आपण देवधर नसल्याचं मनात मान्य केलं आणि चहा आला.

आता या भीमपलासीचं पुढे काय झालं ते सांगतो. गुरुजींच्या त्या मोबाईल-तंबोऱ्यावाल्या विद्यार्थिनीला मध्यमेच्या परीक्षेसाठी एक छोटा ख्याल हवा होता. गुरुजींनी काय विचार केला कोण जाणे, तिला साहेबांची बंदिश दिली. सोपी आहे, पोरीच्या आवाक्यातली आहे, असं म्हणाले. मात्र शिकवताना काही न बोलता अंतऱ्यातला धैवत काढून पंचम ठेवला, आणि मुखडा साडेनवव्या मात्रेवरून काढून खालीच्या, म्हणजे सरळ नवव्या मात्रेवर आणला. साहेबांना सांगितलं नाही. त्यांचा "हं" इतक्या दिवसांनी असा फळाला आला. पोरीने परीक्षेत गायली, पास झाली. तिच्याकडून ती चीज साताऱ्यातल्या तिच्या मैत्रिणीकडे गेली, तिथून आणखी कुठल्या क्लासात. मुद्रा वाटेत गळली. 'वसनारंग' हा शब्द गाताना मुलींना अवघड वाटत असावा, किंवा त्यांच्या आयांना.

गेल्या वर्षी साताऱ्यात एका छोट्या कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो होतो. कॉलेजातला एक मुलगा गायला बसला. निवेदिकेने कागदावर बघून सांगितलं, "राग भीमपलासी, तीनतालातली एक पारंपरिक बंदिश." आणि मुलाने ती उचलली.

स्थायी संपेपर्यंत साहेब ताठ झाले होते. अंतरा आला. म प नि सां करून मुलगा असा अलगद वरच्या षड्जावर गेला की सभागृहातून दाद उठली. शेठनी दोन्ही हात वर केले. "ह्याला म्हणायचं जुना माल!" त्यांनी ही चीज आमच्या खोलीत निदान पंधरा वेळा ऐकली होती. गुरुजी छताकडे बघत होते. मी साहेबांकडे बघत होतो, आणि माझी खात्री झाली होती की हे आता उठून उभे राहणार आणि सगळ्यांदेखत वसुली सुरू करणार.

उठले, पण मध्यंतरात. मुलाला ग्रीनरूमच्या दारात गाठलं. मी मागे होतोच.

"छान गायलास. फक्त एक सांगतो, मोकळेपणाने. अंतऱ्यात तिथे धैवत हवा. ग म ध नि सां."

मुलाने वाकून नमस्कार केला. चांगल्या घरचा होता. "काका, तिथे धैवत घेतला तर बागेश्री होते."

"मुद्दाम केलेलं आहे ते."

"कोणी, काका?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीवाला माणूस, मी काय सांगणार? आतून हसण्याचा आणि चहाच्या कपांचा आवाज येत होता. मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला, "तसं नाही काका, जुन्या लोकांनी फार विचार करून बांधलेल्या चिजा आहेत या. आपण त्यात हात घालू नये."

साहेबांनी खिशातली वही काढली आणि त्याचं नाव विचारलं.